फुलेलाचं बूच

॥ श्री ॥
मु. केनवड
ता. ८ सप्टेंबर १९५४

श्री. रज्जाकचाचा अत्तरवाले, कारंजा, यांस,
जगदेवमास्तरांची मुलगी गोमती हिचा सादर नमस्कार. वि. वि.

आपलं पार्सल श्रावणातच पोचलं. पोच द्यायला उशीर झाला, क्षमा असावी. आलेल्या जिनसा अशा : मेंदीचं फुलेल सहा तोळे, तीन रुपये. उदबत्तीचे दोन पुडे, आठ आणे. कापूर, सहा आणे. अष्टगंध, चार आणे. टपाल नऊ आणे. एकूण चार रुपये अकरा आणे. बाटली आणि बूच मी इथूनच पाठवलं होतं, त्यामुळे शिशीचे तीन आणे लागले नाहीत. जिनसा मोजून बरोबर आहेत.

आता जे लिहायचं ते जड मनानं लिहिते. आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात हे आपणांस ठाऊक आहेच. लग्न होऊन केनवडला आल्यापासून दरसाल दोन्ही मुखवट्यांना आपल्याच मेंदीच्या फुलेलाचा, त्या सुगंधी तिळतेलाचा, फाया लावते. देवासाठी आणलेल्या वस्तूचा वास आपण आधी घ्यायचा नाही, ही माझ्या आईची शिकवण. हुंगलेलं फूल जसं देवाला चालत नाही, तसंच अत्तराचं. म्हणून बाटली आल्यापासून तीन आठवडे देवाच्या पेटीत आडवी ठेवली होती, बूच काढलंच नाही. पूजेच्या संध्याकाळी काढलं, फाया भिजवला, मुखवट्यांना लावला, आणि थोडं हळदीकुंकवाला आलेल्या बायांच्या मनगटांना लावलं.

चाचा, पहिल्यांदा मेंदीच्या फुलाचा वास आला, आणि त्याच्या मागून दवाखान्याचा! वीस बायांनी वीस मनगटं नाकाला लावली. सोमलाची बायको म्हणाली, "काय वो बाई, हे अत्तर हाय का बाळंतिणीचा काढा?" सगळ्या फिदीफिदी हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. रात्री म्हणाल्या, "देवीच्या अंगाले औषधीचा वास लावला तुनं. वरीसभर घरात दुखणं राहीन." तेव्हापासून माझ्या मनाला चैन नाही.

आपण मला वडिलांच्या जागी, म्हणून आडपडदा न ठेवता विचारते. तीळ जुने होते का? फुलं शिळी होती का? की हल्ली काम दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवलं आहे? देवाच्या कामात असं व्हायला नको होतं. या मालाचं काय करायचं ते कळवावं. सूनबाईला, माझ्या अमीरला, आणि मुलांना आशीर्वाद.

आपली,
गोमती


७८६
कारंजा
ता. १६ सप्टेंबर १९५४

सौ. गोमतीबाई यांस, रज्जाक अत्तरवाले यांचा सलाम.

तुमचं पत्र सूनबाईनं वाचून दाखवलं. तीन रुपयांची मनिऑर्डर आज केली आहे. बाकीच्या जिनसांबद्दल तक्रार नसेल तर त्या ठेवून घ्याव्या.

तीळ या सालचे होते. फुलं घरच्या झाडाची, पहाटे तोडलेली होती. काम माझ्या हातचं आहे, दुसऱ्या कोणावर दोष नाही. देवीच्या पूजेत माझ्यामुळं खोट आली याचं वाईट वाटतं. माल परत पाठवू नका, ओतून द्या.

यापुढं अत्तर दुसऱ्या दुकानातून मागवत जावं, ही विनंती.

रज्जाक
(हस्ते अमिरुन्निसा)


॥ श्री ॥
मु. केनवड
ता. २६ सप्टेंबर १९५४

प्रिय अमीर हीस,
गोमतीचे अनेक आशीर्वाद.

तीन रुपये पोचले, वहीत जमा धरले. एवढ्या तातडीनं पाठवले म्हणून चाचांना माझा नमस्कार सांग. पण खरं सांगू का, पैसे हातात घेऊन समाधान झालं नाही. "दुसऱ्या दुकानातून मागवत जावं" असं त्यांनी लिहिलं. अक्षर तुझं होतं, म्हणून तुलाच विचारते : चाचा रागावले का ग?

मी काही खोटं लिहिलं नव्हतं. गिऱ्हाइकानं तक्रार केली म्हणून पंचवीस वर्षांचा संबंध तोडायचा, ही कुठली रीत? आपण दोघी मराठी शाळेत एका पट्टीवर बसायचो तेव्हापासून चाचांच्या वाड्यातल्या मेंदीची फुलं मी ओळखते. त्याच झाडाच्या फांद्या आणून इथं लावल्या, आता अंगणाला दोन बाजूंनी कुंपण झालं आहे. सध्या बहर आहे. संध्याकाळी दिवा लावायला बाहेर गेलं की वासानं पाऊल थांबतं. सासूबाई म्हणतात साप येईल, तोडून टाका. मी म्हणते, येऊ द्या, वास घेऊन जाईल बिचारा.

मला वाटतं तुझ्या यजमानांनी, मुनाफभाईंनी, या खेपेला कामात हात घातला असेल आणि चाचा मुलाला झाकत असतील. तसं असेल तर सांग, मी कोणाला बोलणार नाही.

तुझी,
गोमती


७८६
कारंजा
ता. ३ ऑक्टोबर १९५४

गोमी,
सलाम.

हे पत्र अब्बांच्या नकळत लिहिते. तू मुनाफमियांचं नाव घेतलंस म्हणून लिहावं लागलं. त्यांनी तिळाला बोटही लावलेलं नाही. त्यांना या कामात गोडी नाही, हे तुला पहिल्यापासून माहीत आहे.

अब्बांना चैतात मुदतीचा ताप आला होता. एकवीस दिवस. ताप उतरला, पण पुढं महिनाभर तोंडाला चव नव्हती आणि नाकाला वास नव्हता. डाळीला फोडणी दिलेली त्यांना कळायची नाही. हे आम्ही घराबाहेर जाऊ दिलं नाही. अत्तरवाल्याचं नाक गेलं हे बाजारात कळलं तर गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढेल का? ईदेच्या सुमाराला हळूहळू वास येऊ लागला. एक दिवस स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "अमीर, दूध उतू चाललं." मी धावत गेले तर खरंच दूध उतू चाललं होतं. त्या दिवशी घरात शिरा केला.

पण त्यांच्या मनातली धास्ती गेली नाही. पूर्वी एकदा वास घेत, आता तीनदा घेत. तुझं फुलेल म्हणजे तापानंतरचा पहिलाच घाणा. तुला आठवतं, आपण लहानपणी पहाटे उठून परकराच्या ओच्यात मेंदीचे तुरे भरून आणायचो? काम अजून तसंच आहे. सोललेले तीळ सावलीत वाळवायचे, परातीत तिळाचा एक थर आणि फुलांचा एक थर, वर ओला कपडा. दुसऱ्या दिवशी कोमेजलेली फुलं चाळून काढायची आणि ताजी घालायची. असे दिवसांमागून दिवस. पण थांबायचं कधी, हे कुठं लिहिलेलं नाही. एक दिवस आधी थांबलं तर तेल मुकं राहतं, एक दिवस उशीर झाला तर फूल तिळात सडतं. अब्बा मूठभर तीळ हातावर चोळतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "आज नाही," किंवा सांगतात, "बस." ते "बस" म्हणाले की मगच तीळ तेल्याच्या घाण्यावर जातात. या वेळी बाराव्या दिवशी ते म्हणाले, "बस." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बरोबर बोललो ना, बेटी?" माझ्या सासऱ्यांनी मला असं कधी विचारलेलं नव्हतं ग.

आणि मग तुझं पत्र आलं. ते मीच वाचून दाखवलं. "तीळ जुने होते का, फुलं शिळी होती का" इथपर्यंत आल्यावर मी थांबले. ते म्हणाले, "पुढं वाच." वाचलं. म्हणाले, "और एक बार." दुसऱ्यांदा वाचलं. मग त्यांनी पगडी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मास्तरची पोरगी खोटं लिहीत नाही. नाक गेलं माझं. जे येतं ते वास नाही, वासाची याद आहे."

तेव्हापासून दुकानाला कुलूप आहे. दाढीला मेंदी लावणं बंद केलं आहे. दाढी पांढरी झाली, गोमी. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. दुकानाची जागा बिडीच्या एका व्यापाऱ्याला द्यायचं ठरतं आहे, १५ नोव्हेंबरला किल्ली द्यायची आहे. मुनाफमियांना कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी मिळेल. ते म्हणतात, "चला, बरं झालं." पण रात्री जेवत नाहीत.

मी तुला दोष देत नाही. मला फक्त एक सांग. वास कसा होता? सडक्या फुलाचा होता का? सडक्या फुलाचा असेल तर अब्बा खरं बोलतात, मग मी गप्प बसेन.

तुझी,
अमीर


॥ श्री ॥
मु. केनवड
ता. ११ ऑक्टोबर १९५४

प्रिय अमीर,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मनाला फार लागलं. चाचांना माझा साष्टांग नमस्कार सांग आणि सांग की गोमतीचं चुकलं. महालक्ष्म्यांच्या दिवसांत मला सर्दी होती, पावसात भिजून धुणं धुतलं होतं. बायांचं काय, एक बोलली की सगळ्या तेच बोलतात. मी आज पुन्हा बाटली उघडून पाहिली. वास छान आहे, अगदी पहिल्यासारखा. देवीनंही काही मनात धरलेलं दिसत नाही, घरात सगळे खुशाल आहेत.

तेव्हा दुकान बंद करण्याचं कारण नाही. तीन रुपये परत पाठवते आहे. चाचांना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका.

तुझी,
गोमती


७८६
कारंजा
ता. १८ ऑक्टोबर १९५४

गोमी,

हे काय केलंस!

मी आनंदानं पत्र घेऊन अब्बांकडे धावले. पुरतं वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले, पण ते हसू मला आवडलं नाही. म्हणाले, "बेटी, बिघडलेलं तेल महिन्याभरात सुधरत नसतं. आणखी बिघडतं. पोरीले खोटं लिवता येत नाही, तिच्या बापालेही येत नव्हतं. दया केली तिनं माह्यावर." मग मुनाफमियांना हाक मारली आणि सांगितलं, "व्यापाऱ्याले सांग, पंधरा तारखेची वाट पाहू नको. एक तारखेलेच किल्ली घे."

आतापर्यंत त्यांच्या मनात थोडी शंका होती, म्हणजे थोडी आशाही होती. तुझ्या गोड पत्रानं ती संपली. मी तुझ्यावर रागावले आहे आणि तुला ते कळावं म्हणून लिहिते. आपण एका पट्टीवर बसायचो तेव्हा तुझं गणित चुकलं की तू आकडे खोडून उत्तर जुळवायचीस, आठवतं ना?

तीन रुपये त्यांनी घेतले नाहीत. डब्यात पडले आहेत.

अब्बांनी एवढंच मागितलं आहे : ती बाटली जशी आहे तशी पाठवून दे. धुऊ नकोस, काढू नकोस, घालू नकोस, बुचासकट पाठव. म्हणाले, "दुकान सोडायच्या आधी माझी चूक मी माझ्या नाकानं पाहीन. नाही दिसली तर समजंन का खरंच गेलं."

एक तारखेच्या आत पोचायला हवी.

अमीर


॥ श्री ॥
मु. केनवड
ता. २३ ऑक्टोबर १९५४

अमीर,

बाटली रजिस्टर पार्सलनं पाठवली आहे. हे पत्र त्यातच घातलं आहे. तू आधी एकटीनं वाच, मग चाचांना वाचून दाखव किंवा दाखवू नकोस, तुला योग्य वाटेल ते कर. मी आकडे खोडून उत्तर जुळवलं, हे खरं आहे. आता खरं गणित मांडते.

तुझं तीन तारखेचं पत्र आलं त्या दुपारी मी बाटली काढली. ओतून द्यायला जीव होईना म्हणून ती दिव्याच्या तेलाशेजारी ठेवली होती. तू विचारलं होतंस, सडक्या फुलाचा वास आहे का. मी डोळे मिटून वास घेतला. सडक्याचा नव्हता. कापराचा होता, आणि पोटदुखीच्या अर्काचा होता. आमच्याकडे मी दरसाल कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल एकत्र करून अर्क करून ठेवते, दोन थेंब साखरेवर घालून द्यायला. तो वास या तेलात कसा येईल? बाटली तर मी राखेनं घासून, दोनदा उकळून, उन्हात वाळवून पाठवली होती.

मग बूच नाकाला लावलं.

अमीर, माझ्याकडे बुचांचा एक डबा आहे. घरात आलेलं एकही बूच मी फेकत नाही. जे ज्या बाटलीला बसेल ते लावायचं. त्या डब्याचं झाकण उघडलं तर मला शिंकच आली. अर्काच्या बाटलीची बुचंही मी त्यातच ठेवते. बाटली दोनदा उकळली आणि बूच डब्यातून काढून तसंच लावलं! तीन आणे वाचवले. त्यातही देवाच्या वस्तूचा वास घ्यायचा नाही म्हणून तीन आठवडे बाटली पेटीत आडवी ठेवली. तेल बुचाला लागून राहिलं आणि बुचातला सगळा अर्क पिऊन बसलं. चाचांकडून निघालं तेव्हा ते फुलेल चांगलं होतं. ते इथं, माझ्या देवघरात बिघडलं.

हे मला अकरा तारखेलाच कळलं होतं. तरी तुला सर्दीचं लिहिलं. का लिहिलं ते सांगते. वीस बायांसमोर मी चाचांचं नाव घेतलं होतं. "कारंज्याचा अत्तरवाला हल्ली पहिल्यासारखा राहिला नाही," असं म्हटलं होतं. सासूबाई बसल्या होत्या. आता त्यांच्यासमोर माझं बूच काढायचं म्हणजे... माझ्यानं झालं नाही. मॅट्रिक झालेली बाई म्हणून गाव माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतं, आणि मला बूच धुवायचं सुचलं नाही.

काल रात्री देवासमोर बसले. हात जोडून म्हटलं, शिक्षा द्यायची तर मला द्या, त्या म्हाताऱ्याच्या नाकाला कशाला? मग उठून यांना आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "म्हणूनच त्या दिवशी मला वाटलं, पोटात दुखत असतं तर फाया चाटला असता." सासूबाई मात्र पान लावत बसल्या. आज सकाळी मी होऊन सोमलाच्या बायकोकडे गेले आणि विहिरीवर चार बाया होत्या त्यांना सांगितलं. ती म्हणाली, "असं हाय काय! मंग तुमचं बूच काहून नाही शिकलं मॅट्रिक?" हसू दे. मला बरं वाटलं.

तू चाचांना काय सांगशील ते सांग. मी हे सगळं लिहून दिलं आहे, खाली सही केली आहे.

गोमती


७८६
कारंजा
ता. ३० ऑक्टोबर १९५४

माझी गोमी,

खूप खूप सलाम. पत्र लांबेल. चहा थंड झाला तरी उठणार नाही.

पार्सल काल दुपारी आलं. मी आत जाऊन तुझं पत्र वाचलं आणि कमरेला खोचलं. अब्बांना दाखवलं नाही. मनात म्हटलं, आधी सांगितलं तर ते म्हणतील, पुन्हा दया केली. बाटली आणि बूच तेवढं त्यांच्यापुढं ठेवलं. बूच मी आधीच काढून वेगळ्या कागदात बांधलं होतं. मुनाफमियां दारात उभे होते, जिनिंगमधून जेवायला आले होते. मुलांना मी शेजारी अमीनाबीकडे पाठवलं.

अब्बांनी हात धुतले, पुसले. एक थेंब मनगटावर घेतला, चोळला नाही, नुसता ठेवला. डोळे मिटले.

"मेंदी," ते म्हणाले. "माझीच. बाराव्या दिवसाची." मग कपाळाला आठी पडली. "पर इसमें कोई घुसा है. कापूर हाय. ओवा हाय. पुदिना. ये मेरे घर का नहीं." डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. मी कागद पुढं केला. त्यांनी बूच उचललं, नाकापाशी नेलं आणि लगेच दूर धरलं.

"चोर सापडला," म्हणाले.

गोमी, मी तिथंच रडायला लागले. मुनाफमियांनी तोंड भिंतीकडे केलं. पण अब्बांचं लक्ष आमच्याकडे नव्हतं. ते पुन्हा बूच हुंगत होते, या वेळी जवळून. नखानं त्याचा एक कण काढला, बोटांत चोळला. "थांबा, थांबा. ओव्याच्या खाली अजून कोणी बसलंय. जुनं हाय." आणि मग एकदम हसले, दात नसलेलं ते हसू तुला आठवत असेल. "केवडा! अरे, हा तर आपला केवडा. मास्तरच्या पोरीच्या लग्नात मी शिशी दिली होती, पानसुपारीच्या वेळी पाहुण्यांच्या हाताले लावाले. पैसे घेतले नव्हते मास्तरकडून. हे बूच त्या शिशीचं हाय."

मग मी कमरेचं पत्र काढलं आणि वाचलं. तिथपर्यंत आले, "तुमचं बूच काहून नाही शिकलं मॅट्रिक", तेव्हा त्यांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. पत्र संपल्यावर म्हणाले, "केवड्याचं तिनं लिहिलं नाही." मी म्हटलं, "तिला माहीतच नसेल, अब्बा." म्हणाले, "विचार तिले. माझं खरं का खोटं, विचार." पण ते माझ्यासाठी म्हणत होते, त्यांना स्वतःला आता विचारायची गरज नव्हती.

मुनाफमियां न जेवताच बाहेर गेले. तासाभरानं आले. व्यापाऱ्याचा बयाणा परत करून आले होते. मला म्हणाले, "जिनिंगमध्ये रुई उडते, तसंही माझं नाक तिथं राहिलं नसतं." आता ते आणि अब्बा दुकान झाडत आहेत, इथपर्यंत आवाज येतो, दोघं भांडतात, मोठी शिशी डावीकडे ठेवायची का उजवीकडे.

अब्बांनी सकाळी मला हाक मारली आणि म्हणाले, "सूनबाई, थोडी मेंदी वाटून देते का?" दाढीला लावून बसले आहेत, वर एरंडाचं पान बांधलं आहे. तसेच दुकान झाडत आहेत.

तुझे तीन रुपये आता त्यांनी घेतले आणि त्याचं फुलेल देतो म्हणाले. घाण्यातलं थोडं राखून ठेवलेलं आहे. शिशी आमची, बूच आमचं, काचेचं. धुऊन.

तुझी,
अमीर


॥ श्री ॥
मु. केनवड
ता. ११ नोव्हेंबर १९५४

प्रिय अमीर,
अनेक आशीर्वाद. चाचांना साष्टांग नमस्कार.

पार्सल पोचलं. आलेल्या जिनसा : मेंदीचं फुलेल सहा तोळे, काचेच्या बुचाच्या शिशीत, त्याचे तीन रुपये आधीच तुमच्याकडे. अशा शिशीचे पाच आणे लागतात ते पाठवते, घ्यावेच लागतील. मेंदीच्या पानांची पुडी, तिच्यावर "गोमीच्या हातांसाठी, फुकट" असं तुझ्या अक्षरात, ती वहीत लिहिलेली नाही.

शिशी आल्याबरोबर सासूबाईंच्या हातात दिली. देवाला लावायच्या आधी उघडू का नको, मी विचारात होते. त्यांनी फट्‌दिशी बूच काढलं, हुंगलं, आणि म्हणाल्या, "हं. हा खरा." मी पाहतच राहिले. म्हणाल्या, "पाहून काय राह्यली? देवीले आधीच त्रास झाला, आता तपासून द्यावं लागीन." मग फुलेलाचा एक फाया दोन्ही मुखवट्यांना लावला, पेटी उघडून, अवेळी. वर्षभराच्या दुखण्याचं त्यांनी पुन्हा नाव काढलेलं नाही.

आता केवड्याचं सांगते. मला खरंच माहीत नव्हतं. लग्नातल्या शिशीची मला आठवणच नाही. तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई पानाला चुना लावत होत्या. चुना लावायचं थांबल्या. म्हणाल्या, "ती शिशी म्या फोडली होती. तू नवी होती तवा. पुसता पुसता हातातून सुटली. बूच तेवढं राह्यलं, म्हणून डब्यात टाकलं. पंधरा वर्षं झाली, मले वाटलं कोणाले कळत नाही." म्हणजे बुचांचा डबा मी सुरू केला असं मी समजत होते, तो त्यांचा निघाला. आणि पंधरा वर्षं लपवलेली गोष्ट चाचांनी कारंज्यात बसून हुंगून काढली! सासूबाई आता म्हणतात, त्या म्हाताऱ्याच्या जवळ जायचं नाही, काय काय सांगेल. पण गावात स्वतःच सगळ्यांना सांगत फिरत आहेत.

आणि एक काम आहे, त्यासाठी हे पत्र. आमच्या कुंपणाला थंडीच्या आधीचा शेवटचा बहर आहे. तुरे वाया जातात हे पाहवेना. शेतातले नवे तीळ घरात होते. पायलीभर सोलले, सावलीत वाळवले, आणि तू लिहिलंस तसं थरावर थर घालून परातीत ठेवले. सासूबाई पहाटे माझ्या आधी उठून तुरे तोडतात. साप येईल म्हणणाऱ्या! आज अकरावा दिवस. मी मूठभर तीळ हातावर चोळले, डोळे मिटले. मला नुसता वास येतो, आज का उद्या ते कळत नाही. ते माझ्या मॅट्रिकात नव्हतं.

म्हणून या पत्रासोबत पुडीत चार चिमटी तीळ बांधले आहेत, नव्या कागदात, बूच कुठंच नाही. पुढच्या साली याच तिळाचं तेल महालक्ष्म्यांना लावायचं आहे. देवासाठीचं आहे, तरी चाचांनी आधी वास घ्यावा. माझ्या आईला काय सांगायचं ते मी सांगेन. कुंपणावर अजून दोनतीन दिवसांचीच फुलं आहेत, आणि परात मी तोवर हलवणार नाही. "आज नाही" की "बस", एवढंच चाचांना विचारून, हे पत्र घेऊन मोटारीनं येणाऱ्या सोमलाच्याच हाती उलट कळव.

तुझी,
गोमती